विल्किन्सन यांचे लोखंडी सँडविच

आपल्याकडे एम.एस्सी.ला असेंद्रिय रसायनशास्त्र घेतलेल्या बहुतेकांना 'कॉटन-विल्किन्सन' हे जोडनाव ठाऊक असते. १९६२ साली पहिल्यांदा निघालेले, दर आवृत्तीगणिक जाड होत गेलेले हे पाठ्यपुस्तक. त्यातले कॉटन हे विल्किन्सन यांचेच हार्वर्डमधले विद्यार्थी. पण पुस्तकाच्या कण्यावर दुसऱ्या क्रमांकाने छापल्या जाणाऱ्या जेफ्री विल्किन्सन यांची खरी कमाई पुस्तकाबाहेर आहे. कंपवातावरचे लेव्होडोपा आणि मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन ही दोन अगदी वेगळी औषधे. दोन्ही कारखान्यात बनवण्याच्या ज्या रीती गाजल्या, त्यांच्या मुळाशी विल्किन्सन यांचे काम आहे. त्यांनी स्वतः औषध मात्र एकही बनवले नाही.

त्यांचा जन्म १४ जुलै १९२१ रोजी इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या गिरणगावाजवळ झाला. यॉर्कशायर आणि लँकेशायर यांच्या सीमेवरचे हे गाव कापडगिरण्यांवर जगत होते. वडील आणि आजोबा घरांना रंग देण्याचा व्यवसाय करत, आई गिरणीत काम करत असे. नात्यातल्या एका काकांच्या सासरकडे औषधांसाठी लागणारी साधी लवणे बनवण्याचा छोटा कारखाना होता. तिथे जाऊन लुडबुड करताना मुलाला रसायनांची गोडी लागली. १९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो गावच्या माध्यमिक शाळेत गेला. तिथल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या हाताखालून आधी जॉन कॉकक्रॉफ्ट गेले होते, ज्यांना पुढे अणुकेंद्र फोडण्याच्या कामासाठी नोबेल मिळाले. एका लहानशा गावातल्या एकाच शाळेने दोन नोबेल विजेते द्यावेत, हे विरळाच.

१९३९ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्रवेश मिळाला, १९४१ मध्ये पदवी. तोवर युद्ध सुरू झाले होते. अणुऊर्जा प्रकल्पासाठी तरुण रसायनतज्ज्ञ हवे होते, म्हणून विल्किन्सन यांची रवानगी कॅनडात झाली. आधी माँट्रियल, मग चॉक रिव्हर. युद्धानंतर ते कॅलिफोर्नियात बर्कलीला ग्लेन सीबोर्ग यांच्याकडे गेले आणि सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने मूलद्रव्यांची नवनवी समस्थानिके तयार करत राहिले. या कामात नाव झाले, पण इंग्लंडमध्ये त्या विषयात नोकरी मिळण्याची शक्यता नव्हती. तेव्हा १९५० मध्ये एमआयटीत येऊन त्यांनी वाट बदलली. धातूच्या अणूभोवती कार्बनी रेणू कसे बसतात, हा नवा विषय धरला. गंमत अशी की सप्टेंबर १९५१ मध्ये हार्वर्डने त्यांना घेतले ते मुख्यतः जुन्या, अणुकेंद्राच्या कामाकडे पाहून.

त्याच डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध आला. पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या कीली आणि पॉसन यांना एक वेगळाच कार्बनी रेणू बनवायचा होता. तो बनला नाही. भांड्यात आली ती नारिंगी स्फटिकांची पूड. तिच्यात कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १० आणि लोखंडाचा एक. १७३ अंश सेल्सियसला वितळणारी, कापरासारखी घनातून थेट वाफ होणारी आणि तापवली तरी सहजासहजी न मोडणारी. ब्रिटनमधल्या एका औद्योगिक प्रयोगशाळेतही हाच पदार्थ त्याआधी मिळाला होता. कार्बन आणि लोखंड यांचा थेट बंध असलेले पदार्थ तोवर नाजूक समजले जात. मग हा इतका टणक कसा? पॉसन यांनी कागदावर काढलेल्या रचनेत लोखंडाच्या दोन बाजूंना एकेक साधा बंध होता. त्या रचनेतून हा टणकपणा समजत नव्हता.

विल्किन्सन यांना पाच कार्बनांच्या दोन चपट्या कड्या समोर दिसल्या आणि लोखंड त्यांच्या मधोमध. पावाच्या दोन कापांमध्ये भाजी भरावी तसे. लोखंड एका कार्बनला चिकटलेले नाही, दोन्ही कड्यांमधल्या सगळ्या दहा कार्बनांशी त्याचे सारखेच नाते आहे. हार्वर्डमध्येच असलेले सेंद्रिय रसायनाचे दिग्गज रॉबर्ट वुडवर्ड हेही त्याच सुमारास त्याच कल्पनेपाशी पोचले होते. दोघांनी हातमिळवणी केली. पदार्थ चुंबकाला कसा प्रतिसाद देतो, अवरक्त किरण कसे शोषतो, हे मोजले. कार्बन-हायड्रोजन बंध एकाच प्रकारचा दिसला, म्हणजे सगळे दहा कार्बन खरोखरच सारखे. १९५२ च्या वसंतात विल्किन्सन, रोझेनब्लम, व्हायटिंग आणि वुडवर्ड या चौघांच्या नावाने ही रचना जाहीर झाली. बेंझिनशी असलेल्या वागणुकीच्या साम्यावरून पदार्थाला 'फेरोसीन' हे नाव पडले. म्युनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले.

पुढे हार्वर्डमधल्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वुडवर्ड यांना रस होता तो कड्यांवर काय काय जोडता येईल यात. विल्किन्सन यांना मधल्या धातूत. लोखंडाऐवजी रुथेनियम, कोबाल्ट, निकेल, टायटॅनियम घालून त्यांनी सँडविचांची मालिकाच उभी केली. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. इंपीरियल कॉलेजाने असेंद्रिय रसायनाचे अध्यासन देऊ केले तेव्हा ते मायदेशी परतले. जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली, वय अवघे ३४.

१९७३ चे रसायनशास्त्राचे नोबेल सँडविच संयुगांसाठी फिशर आणि विल्किन्सन यांना विभागून मिळाले. वुडवर्ड यांचे नाव नव्हते. त्यांना वेगळ्या कामासाठी १९६५ मध्येच नोबेल मिळाले होते, तरी हे त्यांच्या जिव्हारी लागले. रचनेची कल्पना मुळात आपली होती असे सांगणारे पत्र त्यांनी नोबेल समितीला लिहिले. कल्पना आधी कुणाच्या डोक्यात आली, याचा निवाडा आज कुणी करू शकणार नाही. मात्र एका लोखंडाच्या रेणूपुरती असलेली गोष्ट धातूमागून धातू घेऊन अख्ख्या विषयापर्यंत नेण्याचे कष्ट विल्किन्सन आणि फिशर यांनी घेतले, हे उघड आहे. पुरस्कार त्यासाठी होता असे धरले तर निर्णय चुकीचा वाटत नाही.

लंडनमध्ये त्यांनी जे केले त्याची औषधनिर्मितीच्या दृष्टीने किंमत फेरोसीनहूनही जास्त आहे. ती समजण्यासाठी वनस्पती तुपाकडे पाहावे. तेलाच्या रेणूत कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतात. तिथे हायड्रोजन घातला की तेल घट्ट होते. कारखान्यात हे निकेलच्या भुकटीवर, उष्णता आणि दाब देऊन करतात. भुकटी तेलात विरघळत नाही. हायड्रोजन तिच्या पृष्ठभागावर बसतो आणि तिथेच क्रिया घडते. हे जोरकस काम झाले. पण औषधाच्या रेणूत दुहेरी बंधासोबत इतर नाजूक गटही असतात. त्यांना धक्का न लावता नेमक्या जागी हायड्रोजन घालायचा, तर द्रावणात विरघळणारा आणि थंडपणे काम करणारा उत्प्रेरक हवा.

विल्किन्सन यांच्या गटाने ऱ्होडियम क्लोराइड आणि ट्रायफेनिलफॉस्फिन अल्कोहोलमध्ये तापवले आणि गडद तांबडे स्फटिक मिळवले. ऱ्होडियम सोन्याहूनही दुर्मीळ धातू. लंडनच्या जॉन्सन मॅथी कंपनीने तो प्रयोगशाळेला उसना दिला होता. फॉस्फिन म्हणजे अमोनियाचा चुलतभाऊ: नायट्रोजनच्या जागी फॉस्फरस, आणि त्याला तीन हात. फॉस्फरसकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, तिच्या बळावर तो धातूला धरतो. अशा धरणाऱ्या रेणूला रसायनशास्त्रात लिगंड म्हणतात. तांबड्या स्फटिकांत एका ऱ्होडियमला तीन फॉस्फिन चिकटलेले होते. द्रावणात त्यातला एक सुटतो, जागा मोकळी होते, तिथे हायड्रोजन येतो, मग दुहेरी बंधाचा रेणू येतो आणि दोघांची गाठ पडते. हे सगळे खोलीच्या तापमानाला आणि हवेच्या साध्या दाबाला. १९६५-६६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधल्याच आयसीआय कंपनीतही हा उत्प्रेरक स्वतंत्रपणे सापडला होता, पण जगभर त्याला 'विल्किन्सन उत्प्रेरक' म्हणूनच ओळखतात.

आता डाव्या-उजव्याची गोष्ट. आपल्या ताटाला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. हेच ताट आरशात पाहिले तर पदार्थ तेच, पण वाढप उलटे. आणि ताट कितीही फिरवले तरी ते मूळ वाढपासारखे होत नाही. कार्बनी रेणूंचेही असे असते. अणू तेच, बंध तेच, पण एक रूप दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. शरीरातली प्रथिने एकाच हाताच्या घटकांची बनलेली असल्यामुळे त्यांना हा फरक लगेच कळतो. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात जाईल, पण चालता येणार नाही.

कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडते. डोपामिन गोळीने देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत ते निसर्गतःच असते. १९६० च्या दशकात डॉक्टरांनी कारखान्यात बनलेले डोपा रुग्णांना मोठ्या मात्रेत देऊन पाहिले, तेव्हा मिश्र रूपाऐवजी फक्त डाव्या हाताचे दिले तर निम्म्या मात्रेत भागते आणि त्रासही कमी होतो, हे दिसले. म्हणून ते 'लेव्हो'डोपा. पण प्रयोगशाळेत रेणू बनवला की सहसा दोन्ही हातांची निम्मी-निम्मी भेसळ मिळते. वेगळे करून अर्धा माल टाकून देणे किंवा पुन्हा वापरण्याची खटपट करणे, एवढेच हाती होते.

अमेरिकेत सेंट लुइसला मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी विल्किन्सन यांचा उत्प्रेरक पाहिला आणि त्यातला साधा फॉस्फिन काढून एकाच हाताचा फॉस्फिन बसवला. तर्क असा की धातूभोवतीच्या भिंतीच डाव्या-उजव्या असतील, तर हायड्रोजनला दोन बाजूंपैकी एकच बाजू सोयीची पडेल. जर्मनीत लिओपोल्ड हॉर्नर यांनीही १९६८ मध्ये हेच केले. पहिला निकाल फारच माफक होता: शंभरात साधारण ५७ रेणू एका हाताचे, ४३ दुसऱ्या. पण तर्क खरा होता. काही वर्षांत नवे फॉस्फिन बनवत नोल्स यांनी हे प्रमाण साडेसत्त्याण्णवपर्यंत नेले आणि १९७० च्या दशकात मोन्सँटो याच रीतीने लेव्होडोपा बनवू लागली. २००१ चे नोबेल नोल्स यांच्याकडे गेले, जपानचे नोयोरी आणि अमेरिकेचे शार्पलेस यांच्यासह.

अडचण फॉस्फिनचीच होती. नोल्स यांच्या फॉस्फिनमध्ये डावे-उजवेपण खुद्द फॉस्फरसवर होते आणि तसा रेणू घडवणे किचकट. फ्रान्सच्या आँरी कागाँ यांनी १९७१ मध्ये सोपा मार्ग काढला. चिंचेत आणि द्राक्षांत असणारे टार्टारिक आम्ल निसर्गतः एकाच हाताचे असते. त्याच्या सांगाड्यावर त्यांनी दोन फॉस्फरस बसवले. डावे-उजवेपण धातूपासून जरा लांब असले तरी चालते, हे यातून कळले. आणि इथे विल्किन्सन यांचे जुने लोखंडी सँडविच पुन्हा पुढे आले.

फेरोसीनच्या वरच्या कडीवर शेजारी-शेजारी दोन वेगळे गट बसवले की काय होते? कडी एकटी असती तर उलटी केली की झाले. पण खाली लोखंड आहे, त्याच्याखाली दुसरी कडी. ताट उलटे करता येत नाही. त्यामुळे चटणी डावीकडे की उजवीकडे, हा फरक कायमचा राहतो. उष्णतेने तो पुसला जात नाही, कारण सँडविचच मुळात सहज मोडत नाही. पॉसन यांच्या भांड्यात ज्या टणकपणाने कोडे घातले होते, तोच आता कामाला आला.

ही वाट पक्की केली १९७० मध्ये इव्हार ऊगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आधी कडीवर एक लहान कार्बनी फांदी लावायची. यासाठी बेंझिनवर चालणारी तीच जुनी क्रिया वापरतात, जी फेरोसीनवरही चालते हे वुडवर्ड यांनी दाखवले होते. फांदीवर नायट्रोजनचा गट आणायचा. मिळालेल्या दोन हातांच्या मिश्रणात टार्टारिक आम्ल घालायचे, म्हणजे एका हाताचे लवण आधी स्फटिकरूपाने खाली बसते आणि दुसरे द्रावणात उरते. मग हवेला वर्ज्य करून, नायट्रोजन वायूच्या आच्छादनाखाली, ब्युटिल लिथियम. हे द्रव हवेत पेट घेऊ शकते, त्यामुळे पाण्याचा आणि हवेचा थेंबभरही संसर्ग चालत नाही. फांदीवरचा नायट्रोजन लिथियमला हाताला धरून शेजारच्या कार्बनवर नेऊन बसवतो, आणि दोन शेजाऱ्यांपैकी एकाच बाजूच्या: शंभरात ९६ वेळा. लिथियमच्या जागी फॉस्फरस आणणे ही पुढची सोपी पायरी. क्योटोच्या हायाशी आणि कुमादा यांनी १९७४ मध्ये अशा रीतीने फेरोसीनचे पहिले डावे-उजवे फॉस्फिन बनवले.

या मार्गाची एक खुबी मागाहून लक्षात आली. फांदीवरचा नायट्रोजन काढून तिथे दुसरा फॉस्फरस बसवता येतो, आणि तसे करताना डाव्या-उजव्याची घडी विस्कटत नाही. लोखंड आपल्या इलेक्ट्रॉनांनी ती जागा सांभाळून धरते. म्हणजे पहिल्या फॉस्फरसवर हवे ते हात, दुसऱ्यावर हवे ते. शिंप्याने मापे घेऊन कपडा शिवावा तसा लिगंड बेतता येतो. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये सिबा-गायगी कंपनीत अंतोनियो तोन्यी यांच्या गटाने असे लिगंड बनवले. पहिला ज्यांच्या हातून तयार झाला त्या तंत्रज्ञांचे नाव जोसी, म्हणून कुटुंबाचे नाव पडले 'जोसीफॉस'. मोठ्या शास्त्रज्ञांच्या नावांनी गजबजलेल्या या क्षेत्रात प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्याचे नाव टिकले, हे छानच झाले.

विल्किन्सन हे सगळे लंडनमधून पाहत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून ऱ्होडियम आणि फॉस्फिनच्या जोडीने अल्डिहाइड बनवण्याची रीतही निघाली आणि १९७० च्या दशकात ती कारखान्यात पोचली. १९७६ मध्ये 'सर' किताब मिळाला, १९८८ मध्ये ते निवृत्त झाले, पण संशोधन थांबवले नाही. २६ सप्टेंबर १९९६ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९९६ मध्ये, मेटोलाक्लोर या मका आणि सोयाबीनच्या तणनाशकाची नवी निर्मिती सुरू झाली. ते १९७० च्या दशकापासून मिश्र रूपातच विकले जात होते, आणि त्यातला एकाच हाताचा भाग तण मारत होता. उरलेला शेतात नुसता पडत होता. जोसीफॉस कुटुंबातला एक लिगंड आणि इरिडियम यांच्या उत्प्रेरकाने, ८० बार दाबाखाली, शंभरात ९० रेणू उपयोगी हाताचे मिळू लागले. उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाखांहून अधिक रेणूंवर काम करी. वर्षाला १०,००० टनांहून अधिक माल. एकरी मात्रा सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी उतरली, म्हणजे तेवढे रसायन जमिनीत आणि पाण्यात जायचे वाचले. औषधासाठी नव्वद-दहाचे प्रमाण चालले नसते, शेतासाठी पुरेसे होते.

औषधाची पाळी २००६ मध्ये आली. मर्क कंपनीने सिटाग्लिप्टिन बाजारात आणले, आणि त्याच्या निर्मितीतली कळीची पायरी ऱ्होडियम आणि जोसीफॉस यांच्यावर सोपवली. त्याआधीच्या रीतीत कितीतरी पायऱ्या आणि ढीगभर टाकाऊ द्रव्य होते. नव्या रीतीत डावे-उजवेपण शेवटच्या टप्प्यावर हायड्रोजनने ठरत होते, आणि बहुतेक सगळा ऱ्होडियम परत मिळवता येत होता. अमेरिकेच्या हरित रसायनाच्या राष्ट्रीय पुरस्काराने त्या वर्षी या कामाची दखल घेतली. भारतात या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपले आणि गोळीची किंमत झपाट्याने खाली आली. मर्कने मात्र त्याआधीच, २०१० च्या सुमारास, ही पायरी प्रयोगशाळेत घडवलेल्या एका एन्झाइमकडे दिली होती. त्या एन्झाइमला ऱ्होडियम लागत नाही, आणि लोखंडही नाही.